गोळ्या फेकून देण्याआधी

भिवंडी आणि औषधं हे दोन शब्द वर्तमानपत्रात एकत्र येतात ते बहुधा जप्तीच्या बातमीत. जून २०२२ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या, म्हणजे एनसीबीच्या, मुंबई पथकाने मुंबई-आग्रा महामार्गावर भिवंडीजवळ एक गाडी अडवली आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या सिरपच्या साडेआठ हजारांहून अधिक बाटल्या पकडल्या. तशा कारवाया आधीही झाल्या होत्या, नंतरही होत राहिल्या. यात फारसं नवल नाही. राहनाळ, काल्हेर, पूर्णा, माणकोली या पट्ट्यातल्या गोदामांतून देशभराचा माल हलतो, औषधांचे घाऊक साठेही त्यातच असतात, आणि ज्या रस्त्याने बिलाचा माल जातो त्याच रस्त्याने बिनबिलाचाही जाऊ शकतो. बातमी बाटल्यांच्या आकड्यावर संपते. न पकडलेल्या बाटल्या मात्र पुढे कुठल्या तरी दहा बाय बाराच्या खोलीत पोचतात. तिथे पोलीस नसतो, औषध निरीक्षक नसतो. असते ती आई, बायको, थोरला भाऊ. एके दिवशी त्यांना गादीखाली रिकामी पाकिटं सापडतात आणि पुढच्या तासाभरात घरात काय होणार ते जवळपास ठरलेलं असतं: आरडाओरडा, एखादी थप्पड, देवाची शपथ, उरलेल्या गोळ्या संडासात आणि दाराला बाहेरून कडी. माझं म्हणणं एवढंच आहे की औषधांच्या व्यसनात घरच्यांची ही पहिली उबळच अनेकदा सगळ्यांत घातक ठरते, आणि ती आवरणं हीच त्यांच्या हातून होणारी पहिली मोठी मदत असते.

हा प्रश्न किती घरांचा आहे याचा अंदाज घ्यायला एक भक्कम आधार आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात सुमारे १ कोटी १८ लाख लोक झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या गोळ्या वैद्यकीय कारणाशिवाय घेत होते, आणि संख्येच्या हिशेबात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचा आणि सिरपचा असा वापर करणारे दहा ते पंचाहत्तर वयोगटातल्या लोकसंख्येच्या ०.९६ टक्के निघाले, म्हणजे हेरॉइन घेणाऱ्यांच्या (१.१४ टक्के) फार मागे नाहीत. ‘गर्दुल्ला’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं त्यात मेडिकलमधून आणलेलं चंदेरी पाकीट नसतं. आकडे सांगतात की ते असायला हवं.

या पाकिटाकडे जाणारे रस्ते मात्र दोन आहेत. एक रस्त्यावरचा: मुंबई-ठाण्याकडे ‘बटन’ म्हणून विकली जाणारी नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलम, जिला मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. भिवंडीसारखंच मालेगावही यंत्रमागाचं गाव आहे. बारा-बारा तासांची पाळी, कान किटवणारा खडखडाट, दिवसभर उभं राहून आखडलेली कंबर आणि रात्रपाळीनंतर दिवसा न लागणारी झोप. अशा आयुष्यात दहा-वीस रुपयांत मिळणारी गुंगी काय काम करते हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. दुसरा रस्ता दवाखान्यातून जातो. कुणाला तरी गेल्यावर आईला झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी, जी त्याच मळक्या चिठ्ठीवर सहा वर्षं चालू आहे. ऑपरेशननंतर दिलेलं ट्रॅमाडॉल, जे जखम भरली तरी सुटलं नाही. या आईला व्यसनी म्हणणं चूक आहे; ती नशेसाठी काही घेत नाही, डोसही वाढवत नाही. पण तिच्या मेंदूला त्या गोळीची सवय लागलेली असते आणि गोळी एकदम थांबवली तर तिच्याही शरीराची तीच अवस्था होते. म्हणून पुढे जे सांगतो आहे ते दोघांनाही लागू आहे.

अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या सगळ्या बेन्झोडायझेपिन कुळातल्या. मेंदूत पेशींची धावपळ आवरणारं गाबा नावाचं रसायन असतं. या गोळ्या त्याचा जोर वाढवतात, म्हणून भीती ओसरते, झोप येते, स्नायू सैलावतात. काही आठवडे रोज घेतल्यावर मेंदू उलटा जोर लावून समतोल साधतो. दार पलीकडून कुणी ढकलत असेल तर आपण अलीकडून रेटून उभे राहतो आणि पलीकडचा अचानक बाजूला झाला की तोंडावर आपटतो, तसंच गोळी एका दिवसात बंद केल्यावर होतं. हातांची थरथर, घाम, छातीत धडधड, दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि काही जणांत पुढे भास, भ्रम व फिट. अशी फिट जीवघेणी ठरू शकते. अल्प्राझोलमचं रक्तातलं प्रमाण साधारण अकरा-बारा तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे हा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. नायट्राझेपाम शरीरातून सावकाश जातं, म्हणून तो काही दिवस उशिराही येतो, आणि तोवर घरचे म्हणत असतात, ‘बघा, काही झालं नाही.’ अमेरिकेतल्या व्यसनवैद्यकाच्या संस्थेने इतर संघटनांबरोबर २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दर दोन ते चार आठवड्यांनी डोस पाच ते दहा टक्क्यांनी कमी करत जाण्याचा विचार सांगितला आहे, आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांपेक्षा मोठी घट करू नये असं म्हटलं आहे. म्हणजे वर्षानुवर्षांची गोळी सुटायला कित्येक महिने लागतात. जे काम तज्ज्ञ महिन्यांच्या हिशेबात करतात ते आपण एका संध्याकाळी संडासाची साखळी ओढून करायला निघतो.

कोडीन आणि ट्रॅमाडॉलची गोष्ट निराळी. कोडीनचा काही भाग यकृतात मॉर्फीन होतो, त्यातून ती ऊब आणि बेफिकिरी येते. ते बंद केल्यावर जी ‘टर्की’ लागते, म्हणजे हाडं दुखणं, जुलाब, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, ती पाहवत नाही; पण धडधाकट माणूस तिने सहसा मरत नाही. (ट्रॅमाडॉलच्या मोठ्या डोसने फिट येऊ शकते, हा अपवाद ध्यानात ठेवावा.) खरा धोका त्यानंतर असतो. टर्की उलटल्यावर शरीराची जुना डोस पचवण्याची ताकद गेलेली असते, इच्छा मात्र तशीच असते. लंडनच्या जॉन स्ट्रँग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १३७ रुग्णांचा मागोवा छापला होता. हे सगळे अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी रुग्णालयात दाखल झालेले. वर्षभरात अतिडोसाने तिघे गेले, आणि ते तिघेही ज्या ३७ जणांनी कार्यक्रम पूर्ण करून शरीर ‘स्वच्छ’ केलं होतं त्यांच्यातले होते. आकडा लहान आहे, त्यावर इमला चढवू नये. पण दिशा स्पष्ट आहे आणि तुरुंगातून सुटलेल्यांच्या अभ्यासांतही ती तशीच दिसते. खोलीत आठ दिवस कोंडून सुधारलेला मुलगा नवव्या दिवशी बाहेर पडतो तेव्हा तो आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो.

तेव्हा घरच्यांचं पहिलं काम गोळी कोणती ते नीट पाहणं. पाकीट हातात आलं की ते उलटं करावं. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, ते फारसं उपयोगाचं नाही; त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम असतात, ते लिहून घ्यावेत. लाल अक्षरांत आरएक्स आणि लाल चौकटीत इशारा असेल तर ते औषध शेड्यूल एच-१ मधलं. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या या यादीत अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रॅमाडॉल, झोलपिडेम ही औषधं आहेत, आणि ती विकताना मेडिकलवाल्याने रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. पाकीट कात्रीने कापलेलं, नेमकी नावाची किंवा बॅचची बाजू गायब, असं दिसलं तर माल चिठ्ठीवर आलेला नाही हे ओळखावं. सिरपच्या बाटलीवर बहुधा दर ५ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम कोडीन असं लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलिलिटरच्या बाटलीत २०० मिलिग्रॅम, खोकल्यासाठी मोठ्या माणसाला एका वेळी देतात त्याच्या दहा ते वीस पट. मग दिवसाला किती, कधीपासून, बरोबर दारू आहे का, पूर्वी कधी फिट आली होती का. एवढी माहिती घेऊन आलेल्या नातेवाइकाचं डॉक्टर नीट ऐकतात, कारण उपचाराचा अर्धा नकाशा त्यात असतो. ही माहिती उलटतपासणी घेऊन मिळत नाही. ‘तुला सोडवायला नाही, त्रास होऊ नये म्हणून विचारतोय’ असं म्हटल्यावर मात्र खरा आकडा बाहेर येण्याची शक्यता बरीच वाढते.

इथे सगळ्यांत जोरदार आक्षेप येतो: मग काय, गोळ्या आम्हीच पुरवायच्या? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर अर्धं ‘हो’ असं आहे. डॉक्टरकडे पोचेपर्यंतच्या दोन-चार दिवसांत बेन्झोडायझेपिन आपल्या मनाने बंद करू नये की निम्मंही करू नये. डॉक्टर बहुतेक वेळा सावकाश उतरणारा डोस ठरवतात, कधी अल्प्राझोलमऐवजी संथ काम करणारं डायझेपाम देतात, आणि तेव्हा गोळ्यांचा डबा घरच्यांच्या ताब्यात असावा, रोजचा डोस मोजून हातावर ठेवावा. याला पुरवठा म्हणत नाहीत. हा उपचार आहे, कारण प्रमाण कमी करण्याचा निर्णय आता दुकानदाराच्या किंवा तलफेच्या हातात राहिलेला नाही. पुरवठा वेगळा: ‘शेवटचे शंभर दे’ म्हटल्यावर पदरातून काढून दिलेले शंभर, मुकादमाकडची त्याची उधारी दर महिन्याला गुपचूप फेडणं, खाडे पडले की ‘गावी कुणीतरी गेलं’ अशी खोटी सबब सांगणं. हे थांबवायला डॉक्टरची परवानगी लागत नाही. दवाखान्याची फी, रिक्षाभाडं, घरचं जेवण हे चालू ठेवावं, नगद हातात देऊ नये. आपल्याकडे बहुतेक घरं नेमकं उलट करतात. गोळी हिसकावतात आणि दुसऱ्या दिवशी दया येऊन पैसे देतात.

दुसरा आक्षेप: तो दवाखान्यात यायलाच तयार नाही, चार लोकांनी मिळून खडसावल्याशिवाय हा ताळ्यावर येणार नाही. यावर मत देण्यापेक्षा पुरावा पाहावा, कारण तो आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्यांनाच प्रशिक्षण देण्याची क्राफ्ट नावाची पद्धत तयार केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत उपचार नाकारणाऱ्या दारुड्यांची १३० घरं घेतली होती. सगळ्यांनी मिळून समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीने ३० टक्के जण उपचाराला आले, घरच्यांनी फक्त स्वतःला सावरायचं अशा गटसभांच्या मार्गाने १३ टक्के, आणि क्राफ्टने ६४ टक्के. अमली पदार्थ घेणाऱ्यांच्या ९० घरांवर २००२ मध्ये झालेल्या अभ्यासातही चित्र याच बाजूचं होतं. पद्धत ऐकायला साधी आहे. तो नशेत असताना एक शब्दही वाद घालायचा नाही. शुद्धीत असेल तेव्हा मात्र जवळ बसायचं, आवडीचं खायला करायचं, मुलांना त्याच्याजवळ सोडायचं, म्हणजे शुद्धीत असण्याला घरात काही भाव राहतो. नशेचे परिणाम त्याला स्वतःला भोगू द्यायचे. तो ओटीवर पडला तर उचलून गादीवर निजवण्यापेक्षा श्वास नीट चालू आहे ना एवढं बघायचं. आणि उपचाराचं बोलायचं ते त्याने स्वतःहून कंटाळा व्यक्त केला त्या क्षणी, वेळ आधीच ठरवून ठेवलेली असताना, कारण ती खिडकी एका दिवसात बंद होते.

कुणी म्हणेल की हे तिकडे ठीक, तिथे वेगळ्या खोल्या असतात, समुपदेशक असतात. इथे सासू, दीर आणि तीन मुलं एकाच खोलीत. अडचण खरी आहे. पण आपल्याकडे माणूस बहुधा घरातच राहतो, कुटुंबाचा शब्द त्याच्यापर्यंत रोज पोचतो, ही भांडवलाची बाजूही आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनींच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालवला तो याच जाणिवेतून, की घरातल्या बाईला आधी उभं केल्याशिवाय पुरुषाचा उपचार टिकत नाही. आणखी एक गोष्ट बजावून सांगायला हवी. ‘लग्न केलं की सुधारेल’ हा उपाय या यादीत कुठेच बसत नाही. त्याने एका रुग्णाचे दोन होतात.

उचलून नेणारी व्यसनमुक्ती केंद्रं हा यातला सगळ्यांत अंधारा कोपरा. रात्री गाडी येते, चौघे जण हात धरून घेऊन जातात, तीन महिने भेट नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही मानसिक आजारात धरले आहेत. त्यामुळे माणसाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर मनोविकारतज्ज्ञाची तपासणी, ठरलेली मुदत आणि नोंदणी असलेली संस्था लागते, आणि साखळीने बांधणं हा कायद्याने सरळसरळ मना केलेला प्रकार आहे. व्यावहारिक कसोटी मात्र कायद्याहून सोपी आहे. केंद्रात विचारावं: मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, आणि अल्प्राझोलम कशी उतरवता? ‘इथे कसलंही औषध देत नाही, पहिल्या दिवसापासून सगळं बंद’ असं अभिमानाने सांगितलं, तर बेन्झोडायझेपिनच्या रुग्णाला घेऊन तिथून उठावं. प्रार्थना, योग, शिस्त यांची जागा नंतरची आहे.

‘एक व्यसन सोडवून दुसरं लावतात’ ही तक्रार ब्युप्रेनॉर्फीनबद्दल हमखास ऐकू येते. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात जिभेखाली ठेवायची ही गोळी तलफ आणि टर्की दोन्ही दाबते, झिंग फारशी देत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. ब्युप्रेनॉर्फीन चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला चार-सव्वाचार मृत्यू, उपचार सोडल्यावर साडेनऊ. ज्याला हे ‘दुसरं व्यसन’ वाटतं त्याने मधुमेहाच्या इन्सुलिनलाही तेच नाव द्यावं. गोळी वर्षभर, दोन वर्षं चालली तरी घाई करू नये.

राहिली पोलिसांची आणि रोजगाराची भीती. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे जो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचाराला जातो त्याच्यावर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल खटला चालत नाही. उपचार अर्ध्यावर सोडला तर मात्र ही सवलत जाऊ शकते. त्यामुळे दवाखान्यात खरं सांगणं हे लपवण्यापेक्षा कायद्याच्या दृष्टीनेही सुरक्षित आहे. आणि पुष्कळांना भरती व्हावं लागत नाही. फिटचा इतिहास, फार मोठा डोस, दारूची जोड, आत्महत्येचे विचार असतील तर भरती, एरवी आठवड्याला ओपीडी. भिवंडीत सुरुवात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयातून करता येते. पुढे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, मुंबईत केईएम, नायर, सायन. मनोरुग्णालयाच्या पाटीला लोक बिचकतात, हे समजण्यासारखं आहे, पण तिथे गोळी उतरवायला गेलेला माणूस वेडा ठरत नाही. आधी फक्त विचारायचं असेल तर केंद्र सरकारचा व्यसनमुक्ती क्रमांक १४४४६ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हे दोन्ही फुकट आहेत, आणि ते घरच्यांनीही फिरवावेत. रुग्ण तयार होण्याची वाट पाहायची गरज नाही.

हे सगळं जमलं तरी माणूस पुन्हा घेईल, ही शक्यता मोठी असते आणि ती आधीच हिशेबात धरलेली बरी. पुन्हा पाकीट सापडलं म्हणजे उपचार फुकट गेला असं समजून घरचे दार लावून घेतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत, शरीराची सवय मोडलेली असताना, अतिडोसाचा धोका सर्वाधिक असतो. गोळ्या, सिरप आणि दारू एकत्र झाली तर आणखीच. हाक मारून, हलवून जाग येत नाही, श्वास फार संथ किंवा घोरल्यासारखा तुटक, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: अशा वेळी ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नये. कुशीवर वळवावं, तोंडात पाणी, लिंबू, दूध काही घालू नये, १०८ ला फोन करावा आणि श्वास थांबला तर तोंडाने द्यावा. रुग्णालयात पोचल्यावर पाकिटं डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवावीत, अब्रूचा विचार बाजूला ठेवून. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असेल तर नॅलोक्झोनच्या इंजेक्शनने माणूस काही मिनिटांत श्वास घेऊ लागतो, मात्र त्याचा असर तास-दीड तासात ओसरू शकतो म्हणून लगेच घरी नेऊ नये. अल्प्राझोलमवर नॅलोक्झोन काहीच करत नाही, तिथे श्वास यंत्राने सांभाळावा लागतो. काय घेतलं होतं हे त्या खोलीत बहुधा फक्त बरोबर आलेल्या माणसाला माहीत असतं.